भूकंप केवढा? पहिल्या तीन सेकंदांतला प्रश्न



११ मार्च २०११ या दिवशी जपानमध्ये दुपारचे दोन वाजून शेहेचाळीस मिनिटे झाली होती. ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटर दूर, समुद्रतळाखालचा खडक सरकू लागला. त्याची पहिली चाहूल किनाऱ्यावरील भूकंपमापकाला लागली आणि त्यानंतर अवघ्या ८.६ सेकंदांत जपानच्या हवामान संस्थेने जनतेसाठी इशारा प्रसृत केला. दूरचित्रवाणीवर संसदेचे कामकाज दाखविले जात होते. त्याच पडद्यावर इशाऱ्याची चौकट उमटली. सेंदाई शहरातील जमीन जोराने हलू लागण्यापूर्वी तेथील लोकांना पंधरा सेकंदांच्या आसपास अवधी मिळाला. त्या प्रदेशात धावणाऱ्या बुलेट ट्रेनना किनाऱ्यावरील रेल्वेच्या स्वतंत्र यंत्राने थांबण्याचा आदेश दिला. प्रवासी घेऊन जाणारी एकही गाडी त्या दिवशी रुळावरून घसरली नाही.

गोष्ट येथेच संपली असती तर विज्ञानाच्या विजयाची एक सुंदर कथा म्हणून ती सांगता आली असती. परंतु तिचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. जनतेला इशारा देताना यंत्रणेच्या गणितात भूकंपाचे परिमाण ७.२ होते. पुढे तो आकडा चढत ८.१ पर्यंत गेला आणि तेथेच अडकला. टोकियो ज्या कांटो प्रदेशात आहे तो प्रदेश इशाऱ्याच्या यादीत आलाच नाही. प्रत्यक्षात टोकियोही जोरदार हादरले. तीन मिनिटांनी, ७.९ हे परिमाण गृहीत धरून त्सुनामीचा पहिला इशारा निघाला: मियागी प्रांतात सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमा प्रांतांत तीन मीटर. इवातेतील तारो या गावाला दहा मीटर उंचीची सागरी भिंत होती. तीन मीटरच्या लाटेची वार्ता ऐकून कोणी त्या भिंतीच्या भरवशावर थांबला असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? अंदाज वाढवून दिला गेला तो तीन वाजून चौदा मिनिटांनी. तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती, आणि सुधारलेला आकडा ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा होता त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत तो पोहोचलाच नाही. भूकंपाचे खरे परिमाण होते ९.०. सुमारे १५ हजार ९०० माणसे मृत्युमुखी पडली आणि अडीच हजारांचा आजतागायत शोध लागलेला नाही.

भूकंपाच्या अभ्यासात जगात अग्रेसर असलेल्या राष्ट्राची सर्वोत्तम यंत्रणा एवढी मागे का पडली? यंत्रे निकृष्ट नव्हती, माणसे निष्काळजी नव्हती. प्रश्न त्यापेक्षा खोल आहे आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. भूकंप सुरू होतो त्या क्षणी, आपण केवढे होणार आहोत हे त्याच्या पोटात ठरलेले असते काय? असल्यास पहिल्या काही सेकंदांच्या कंपनांतून ते वाचता येईल. नसल्यास कोणत्याही यंत्राला ते वाचता येणार नाही, कारण वाचण्याजोगे तेथे काही लिहिलेलेच नसेल.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपल्या वृत्तपत्रांतून या बाबतीत नेहमी गल्लत होते. भूकंपाचे भाकीत ही एक गोष्ट आणि भूकंपाची आगाऊ सूचना ही दुसरी. अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल, असे आज जगातील कोणीही सांगू शकत नाही. ती आकांक्षा मात्र फार जुनी आहे. आपल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांचा एक स्वतंत्र अध्याय आहे आणि भूकंपाच्या कारणांविषयीची त्या काळातील निरनिराळी मते त्याने तेथे प्रामाणिकपणे नोंदवली आहेत. त्यात आजचे भूकंपशास्त्र शोधत बसणे हा त्या थोर आचार्यावरही अन्याय ठरेल. आगाऊ सूचना मात्र भूकंप सुरू झाल्यानंतरच दिली जाते. घटना घडलेली असते, तिचा तडाखा आपल्यापर्यंत यायचा असतो. मधल्या सेकंदांवर सारे शास्त्र उभे आहे.

ही सेकंदे येतात कोठून? भूकंपाच्या केंद्रापासून एकाच वेळी दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पहिली प्राथमिक लहर, जिला शास्त्रज्ञ पी लहर म्हणतात. ती ध्वनीप्रमाणे खडकाला पुढेमागे दाबीत आणि ताणीत जाते. भूकवचात तिचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर असतो. दुसरी एस लहर. ती जमिनीला आडवे हिसके देते आणि घरे पाडण्याचे काम मुख्यतः तीच आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या पृष्ठलहरी करतात. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या घरात. वीज चमकल्यावर आकडे मोजत मेघगर्जनेची वाट पाहावी, तसाच हा प्रकार आहे. दोन लहरींमधील सेकंदांना आठाने गुणले की भूकंपाचे किलोमीटरमधील अंतर स्थूलमानाने कळते. फुसाकिची ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो.

तारायंत्राचा संदेश या दोन्ही लहरींहून कितीतरी वेगवान, तेव्हा दूरच्या शहराला आधी कळवता येईल, ही कल्पनाही नवी नाही. ऑक्टोबर १८६८ मध्ये कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील भ्रंशावर मोठा भूकंप झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत डॉ. कूपर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात सुचविले की, शहरापासून दूर चहू दिशांना हादऱ्याने चालू होणारी यंत्रे ठेवावीत आणि तारेने नगरभवनातील घंटा वाजवावी. ती घंटा कधी बसली नाही. तिचे खरे रूप मेक्सिकोने १९९१ साली उभे केले. १९८५ च्या भूकंपाने मेक्सिको शहराची धूळधाण झाली होती आणि त्या भूकंपाचे मूळ तीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्यावर होते. म्हणून किनाऱ्यावर यंत्रे, राजधानीत भोंगे आणि मध्ये सुमारे एक मिनिट. निसर्गाने इतके सोयीचे अंतर फार थोड्या शहरांना दिले आहे. त्याच मेक्सिको शहराला १९ सप्टेंबर २०१७ रोजी, सुमारे १२० किलोमीटरवर झालेल्या भूकंपाच्या वेळी भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच अनुभवावे लागले.

आता मुख्य अडचणीकडे वळू. भूकंप झाला एवढे कळून भागत नाही. तो केवढा, हे कळावे लागते. पाच परिमाणाच्या भूकंपाने काही दशक किलोमीटरपलीकडे कोणाचे सहसा बिघडत नाही, आठ परिमाणाचा भूकंप शेकडो किलोमीटर प्रदेश उद्ध्वस्त करतो. ज्याला त्याला उठवून बसविणारी यंत्रणा लोक चार दिवसांत बंद करतील. ८ ऑगस्ट २०१३ रोजी जपानमध्येच वाकायामा प्रांतात २.३ परिमाणाचा क्षुल्लक धक्का बसला. त्याच सुमारास समुद्रतळावरील एका यंत्राच्या नोंदीत व्यत्यय आल्यामुळे गणिताने त्याचे ७.८ केले, मोठ्या प्रदेशात इशारा गेला आणि रेल्वेगाड्या थांबल्या. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, आणि दोन्ही बाजूंनी तिची किंमत मोजावी लागते.

परिमाण आणि तीव्रता हे दोन शब्दही येथे वेगळे केले पाहिजेत. देवळातील घंटेचा आकार एकच असतो, पण गाभाऱ्यातल्या माणसाला आणि वेशीवरच्या माणसाला तिचा नाद वेगळा ऐकू येतो. घंटेचा आकार म्हणजे परिमाण, कानाला जाणवणारा नाद म्हणजे तीव्रता. परिमाणाचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. म्हणजे ७.९ आणि ९.० हे आकडे कागदावर शेजारी वाटले, तरी त्यांत सुमारे पंचेचाळीसपटीचे अंतर आहे. जपानच्या त्या तीन मिनिटांत एवढे अंतर राहून गेले होते.

पहिल्या सेकंदांतून आकार ओळखण्याचा मार्ग दाखविला तो जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी, १९८० च्या दशकात. त्यांचे तत्त्व आपल्याकडच्या कोणत्याही तबलजीला तत्काळ पटेल. तबल्याचे चामडे लहान, त्याचा नाद चढा. डग्गा मोठा, त्याचा नाद खर्जातला. खडकाचा लहानसा तुकडा तुटला तर पी लहरीची कंपने भरभर होतात, मोठा पट्टा सरकू लागला तर ती संथ आणि लांब होतात. तेव्हा पी लहरीचे पहिले तीन सेकंद घ्यावेत, त्यांतील कंपनांचा आवर्तकाळ मोजावा आणि त्यावरून भूकंपाचे परिमाण काढावे. पुढे हिरू कानामोरी आणि रिचर्ड ॲलन यांनी कॅलिफोर्नियाच्या नोंदींवर ही पद्धत अधिक काटेकोर केली. कानामोरी म्हणजे आज सर्वत्र वापरले जाणारे आघूर्ण परिमाण मांडणाऱ्या दोघांपैकी एक. आपली वृत्तपत्रे अजूनही रिश्टर मापनाचे नाव छापतात, पण मोठ्या भूकंपांसाठी ते माप शास्त्रज्ञांनी केव्हाच बाजूला ठेवले आहे. तीन सेकंदांच्या पद्धतीला आणखी एका मापाची जोड मिळाली. पी लहरीने जमीन प्रत्यक्षात किती सरकवली, हे ते माप. सहा-साडेसहा परिमाणापर्यंत या दोन मापांनी बरे काम दिले आणि आजही देतात.

पण त्यापुढे? येथे एका साध्या हिशेबाची आठवण ठेवली पाहिजे. भूकंप हा एका बिंदूवरचा स्फोट नव्हे. खडकातील जुन्या भेगेवर, जिला भ्रंश म्हणतात, फूट एका जागी सुरू होते आणि सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने धावत जाते. सहा परिमाणाच्या भूकंपात ही धाव पाचेक सेकंदांत संपते. सात परिमाणाला पंधरा-वीस सेकंद लागतात, आठला साधारण एक मिनिट. जपानच्या २०११ च्या भूकंपात सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा पट्टा फुटायला अडीच मिनिटे लागली. मग ज्या भूकंपाचे अडीच मिनिटांचे काम अजून व्हायचे आहे, त्याचा आकार तिसऱ्या सेकंदाला सांगायचा म्हणजे काय? एक तर भूकंपाचा जन्मच मोठेपणाची खूण घेऊन झाला पाहिजे, नाही तर हे अशक्य आहे.

जन्मखूण असते, असे २००५ साली ओल्सन आणि ॲलन यांनी ‘नेचर’मध्ये मांडले. अनेक देशांतील लहानमोठ्या भूकंपांच्या पहिल्या काही सेकंदांची कंपने अंतिम परिमाणाशी सुसंगत दिसतात. म्हणजे भूकंपाचा आकार निदान अंशतः प्रारंभीच ठरत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर खळबळ उडाली, कारण हे खरे असते तर निसर्गाने मानवाच्या हाती फार मोठी किल्ली दिली असे झाले असते. पुढच्याच वर्षी रायडेलेक आणि होरिउची यांनी जपानच्या दाट जाळ्यातील नोंदी तपासून त्याच नियतकालिकात सांगितले की, असा संबंध आढळत नाही. वाद दहा-बारा वर्षे चालला. विद्वानांचे वाद सामान्य वाचकाला कंटाळवाणे वाटतात, परंतु या वादाच्या निकालावर किती लोकांना वेळेत इशारा मिळणार हे अवलंबून होते.

निर्णायक वाटणारा पुरावा टोकियो विद्यापीठाच्या सातोशी इदे यांनी २०१९ साली पुढे ठेवला. ईशान्य जपानच्या किनाऱ्यालगत एकाच जागी निरनिराळ्या वेळी झालेल्या लहान आणि मोठ्या भूकंपांच्या नोंदी त्यांनी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. अनेक जोड्यांमध्ये पहिल्या क्षणांची रेघ इतकी सारखी निघाली की, कोणती रेघ पुढे मोठ्या भूकंपाची झाली आणि कोणती तेथेच विझली, हे ओळखता येईना. तत्पूर्वी २०१७ साली मायर, आम्पुएरो आणि हीटन यांनी सात परिमाणावरील शंभरहून अधिक भूकंपांचा अभ्यास करून दाखविले होते की, असे भूकंप सारख्याच चालीने वाढतात आणि निम्मा काळ उलटेपर्यंत त्यांच्या अंतिम आकाराची खात्री देता येत नाही. मेल्गार आणि हेज यांचा निष्कर्ष याहून थोडा आशादायक आहे. उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीचे सरकणे मोजले, तर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत फार मोठा भूकंप वेगळा दिसू लागतो, असे ते म्हणतात. मतभेदाची ही जागा अजून मोकळी आहे. पण तीन सेकंदांत आठ आणि नऊ यांतला भेद सांगण्याची आशा आता जवळजवळ कोणी बाळगत नाही.

सह्याद्रीतला वणवा पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. काडी ओढली जाते तेव्हा हे रान जळणार की एक गंजी, हे काडीला ठाऊक नसते. पुढे गवत किती सुकलेले आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, वाटेत नाला आडवा येतो की नाही, यांवर ते ठरते. भूगर्भातही पुढच्या खडकात शतकानुशतके साठलेला ताण किती, भेग सलग की तुटक, यावर फुटीची धाव अवलंबून असते.

याचे अत्यंत भीषण उदाहरण अलीकडचे आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी दक्षिण तुर्कस्तानात फूट सुरू झाली ती मुख्य पूर्व अनातोलिया भ्रंशावर नव्हे, तर शेजारच्या एका लहान फाट्यावर. सुमारे दहा सेकंदांनंतर ती मुख्य भ्रंशाला जाऊन मिळाली आणि तेथून दोन्ही दिशांना धावत तिने एकूण तीनशे किलोमीटरहून अधिक लांबी गाठली. परिमाण झाले ७.८. तुर्कस्तान आणि सीरियात मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. पहिल्या सेकंदांत तेथे जे घडत होते ते खरोखरच लहान होते. ते मोठे झाले ते नंतर.

त्या पहाटे गूगल कंपनीची अँड्रॉइड फोनवरील यंत्रणा चालू होती. खिशातल्या फोनमधील हालचाल टिपणाऱ्या सुटीचा वापर करून ती हजारो फोनना भूकंपमापक बनवते. जमीन हलत असताना त्या यंत्रणेने अंदाज केला तो ४.५ ते ४.९ परिमाणाचा. तिच्या इशाऱ्याचे दोन दर्जे आहेत. ‘तत्काळ कृती करा’ हा वरचा दर्जा फोन मूक ठेवलेला असला तरी मोठ्याने वाजतो. ‘सावध राहा’ हा खालचा, तो साध्या सूचनेसारखा येतो. त्या पहिल्या भूकंपात वरच्या दर्जाचे इशारे गेले फक्त ४६९. सुमारे पाच लाख लोकांना खालचा इशारा मिळाला, तोही झोपेच्या वेळी. कंपनीच्या संशोधकांनी २०२५ साली ‘सायन्स’मध्ये हे सारे स्वतः प्रसिद्ध केले आणि सुधारलेले गणित त्याच नोंदींवर चालवून पाहिले असता एक कोटी लोकांना वरचा इशारा जाऊ शकला असता, असेही सांगितले. चूक प्रसिद्ध करायला दोन वर्षे लागली हे खटकते. पण ती आकड्यांसह प्रसिद्ध झाली, हेही नोंदविले पाहिजे.

भारताला या प्रश्नाची झळ पूर्वीच लागली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या किनाऱ्यावर सुरू झालेली फूट अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर धावत गेली आणि तिला आठ-दहा मिनिटे लागली. हवाई बेटांवरील त्सुनामी केंद्राने पंधरा मिनिटांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात परिमाण होते ८.०, तासाभराने ते ८.५ झाले, आणि खरा आकार नवाच्या पुढे आहे हे कळायला अनेक तास गेले. तोवर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा येऊन गेल्या होत्या. भारतात दहा हजारांहून अधिक बळी गेले. अर्थात त्या वेळी हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आकडा अचूक मिळाला असता तरी किनाऱ्यावर तो सांगणार कोण, हा प्रश्न होताच. हैदराबाद येथील आपले त्सुनामी इशारा केंद्र उभे राहिले ते २००७ साली.

आकार लवकर कळत नाही हे मान्य केल्यावर जपानने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मार्च २०१३ पासून त्यांच्या हवामान संस्थेने ठरविले की, आठाच्या पुढचा भूकंप असण्याचा संभव दिसला आणि आकार नक्की नसला, तर त्सुनामीच्या पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची मीटरमध्ये सांगायचीच नाही. आकड्याच्या जागी केवळ ‘प्रचंड’ असा शब्द द्यायचा. लोकांना आकड्याचा आधार वाटतो आणि चुकीचा आधार प्राणघातक ठरतो, हे त्यांनी २०११ मध्ये पाहिले होते. तंत्रज्ञानाने एवढ्या पुढारलेल्या देशाने आकड्याची जागा शब्दाला दिली, ही गोष्ट साधी नव्हे. दुसरा बदल २०१८ चा. नव्या पद्धतीत यंत्रणा काही वेळ परिमाणाचा विचारच करीत नाही. एखाद्या ठिकाणी जमीन प्रत्यक्षात जोराने हलली, तर त्याच्या आसपास सुमारे तीस किलोमीटरच्या परिसरातही तसेच हलेल, एवढेच ती मानते. अवधी कमी मिळतो, परंतु भूकंप केवढा होणार हे कोडे सोडवत बसावे लागत नाही. फूट जसजशी धावते तसतसा इशाराही तिच्या पुढे सरकत जातो. याखेरीज जपानच्या पूर्वेकडील समुद्रतळावर केबलने जोडलेली दीडशे निरीक्षणकेंद्रे बसविली गेली, म्हणजे पहिली चाहूलच काही सेकंद आधी लागावी. प्रचंड वस्तुमान सरकल्याने गुरुत्वाकर्षणात होणारा सूक्ष्म बदल प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पोहोचतो. तो टिपून महाभूकंपाचा आकार ओळखण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये चालले आहेत. तूर्त ते प्रयोगच आहेत.

आपल्या देशात या विद्येची खरी कसोटी हिमालयात लागणार. १९०५ चा कांगडा आणि १९३४ चा बिहार-नेपाळ या दोन महाभूकंपांच्या मधल्या पट्ट्यात फार मोठा भूकंप होऊन शतके लोटली आहेत. रुडकीच्या आयआयटीने उत्तराखंडात संवेदकांचे जाळे उभे केले असून २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या राज्याने नागरिकांसाठी मोबाइलवरील इशाऱ्याची सोय सुरू केली. गढवालमध्ये फूट सुरू झाली तर अडीचशे किलोमीटरवरच्या दिल्लीला एस लहर पोहोचायला सत्तर सेकंदांच्या आसपास लागतील. ओळखणे आणि कळविणे यांत दहा-पंधरा सेकंद गेले, तरी उरलेला अवधी लहान नव्हे. पण हे गणित भूकंप मोठा आहे हे वेळेत ओळखले गेले तरच. हिमालयातील फूट शंभर-दीडशे किलोमीटर सहज धावू शकते, हे २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळने अनुभवले. गोरखा भागात सुरू झालेली ती फूट काठमांडूच्या बाजूने पूर्वेकडे गेली आणि तिला जवळपास एक मिनिट लागला. अशा वेळी पहिल्या पाच सेकंदांच्या आकड्यावर दिल्लीने स्वस्थ बसून चालणार नाही. इशारा वाढत जाईल हे गृहीत धरूनच यंत्रणा आणि माणसे, दोघांनाही तयार करावे लागेल.

अँड्रॉइड फोनवरील भूकंप इशारा भारतात सप्टेंबर २०२३ पासून, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सहकार्याने उपलब्ध आहे. घरोघरी ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये चालू आहे की नाही, हे मुलांकडून एकदा पाहून घ्यावे. फोन वाजला तर चौथ्या मजल्यावरून जिन्याकडे धावण्यात अर्थ नाही. दहा सेकंदांत जिना उतरून होत नाही आणि हादरा गाठतो तो नेमका जिन्यातच. भक्कम मेजाखाली बसावे, डोके सांभाळावे, हाताशी असेल तर गॅस बंद करावा. आणि इशारा ‘सावध राहा’ एवढाच आला, तरी तेही करावे, कारण तुर्कस्तानात त्या पहाटे तोच आला होता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एक कटू सत्य सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला जो भूकंप झाला, त्याचे परिमाण ६.२ होते. जवळपास आठ हजार माणसे गेली. आजची उत्तमातली उत्तम यंत्रणा त्या रात्री असती, तरी किल्लारी आणि सास्तूरला तिचा काही उपयोग झाला नसता. केंद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरवर दोन लहरींमधले अंतर जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात यंत्र जागे व्हायचे, गणित करायचे आणि संदेश पाठवायचा! इशाऱ्याच्या शास्त्रात या प्रदेशाला अंधपट्टाच म्हणतात. तेथे माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर पडून. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ परिमाणाचा भूकंपही पहाटेचाच, आणि कोयनानगरही अंधपट्ट्यातच. अशा गावांचे रक्षण भिंतीत घातलेल्या लोखंडी सळईने आणि काँक्रीटच्या पट्ट्याने होते, मोबाइलने नव्हे.

मात्र कोयना या अभ्यासाला दुसऱ्या मार्गाने मदत करीत आहे. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून तेथे वीस-तीस किलोमीटरच्या परिसरात भूकंपांची मालिका अखंड चालू आहे. एवढ्या लहान, ठरलेल्या जागी भूकंप वारंवार होणारी स्थळे जगात थोडी आहेत. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ साली कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे वेधछिद्र पूर्ण केले. भूकंप जेथे जन्माला येतो त्याच्या जवळ यंत्र नेऊन, लहान आणि मोठ्या भूकंपाचा आरंभ सारखाच असतो की वेगळा, हे ऐकण्याची संधी अशा ठिकाणी मिळते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी २०२४ साली अठ्ठावीस भूकंपमापकांची योजना जाहीर झाली. त्यांतील बावीस मार्गालगत, आठ महाराष्ट्रात आणि चौदा गुजरातेत. उरलेली सहा मार्गापासून दूर, पूर्वी भूकंप झालेल्या भागांत: खेड, रत्नागिरी, लातूर, पांगरी, अडेसर आणि जुने भुज. पी लहर टिपली की वीजपुरवठा आपोआप तुटावा आणि ब्रेक लागावेत, अशी ती रचना आहे. ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी पूर्ण थांबायला एक मिनिटाहून अधिक काळ घेते. त्यामुळे एस लहर येईपर्यंत ती थांबलेली असेलच असे नाही. जपानमध्येही २०११ च्या त्या दुपारी चालकांच्या हाती आला तो वेग कमी झालेला असण्याचा लाभ.